आहेराची वही आणि पत्रिकेवरची एक ओळ

मृगबहार (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या वडिलांचे गेल्या मार्गशीर्षात निधन झाले. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरातली लाकडी पेटी आवरताना लाल कापडी बांधणीच्या तीन लांबट वह्या हाती लागल्या, आणि तेव्हापासून माझे मन त्या वह्यांतच अडकले आहे. पहिली वही वडिलांच्या स्वतःच्या लग्नापासून, म्हणजे १९७४ पासून सुरू होते. डाव्या पानावर ‘जमा’ आणि उजव्या पानावर ‘नावे’, अशी दुकानदाराच्या कीर्दीसारखी मांडणी आहे. ‘काटोलचे मामा, टॉवेल-टोपी व ११ रु.’ अशी नोंद डावीकडे असेल, तर तिच्यासमोर उजवीकडे काही वर्षांनंतरची तारीख आणि ‘मामांच्या धाकटीचे लग्न, साडी व २१ रु.’ अशी नोंद सापडते. काही नोंदींमध्ये बारा-पंधरा वर्षांचे अंतर आहे. वडिलांनी ते अंतर कधी ओझे मानले नाही, कारण त्यांच्या बोलण्यात ‘कर्ज’ हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. ते नेहमी ‘त्यांचे आपल्याकडे आहे’ असे म्हणत.

माझ्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात आहे. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापावी, असे मुलीचे आणि माझ्या यजमानांचे मत आहे. कोणावर भार पडू नये, घरात नको असलेल्या भेटवस्तूंचा ढीग लागू नये, आणि पुढे आपल्यालाही प्रत्येकाची परतफेड लक्षात ठेवावी लागू नये, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटत होते. ही गोष्ट आईच्या कानावर घातली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने वहीकडे बोट दाखवून एवढेच विचारले, “मंग ह्या लोकांनी फेडाचं कधी?”

वडिलांनी चाळीस-पन्नास वर्षांत ज्यांच्याकडे आहेर नेला, त्यांतल्या कितीतरी घरांना आमच्या घरी काही आणण्याची वेळच आलेली नाही. त्यांची ती संधी आपण एका ओळीने बंद करतो आहोत का? आणि ज्या नोंदींसमोर उजवे पान कोरे आहे, त्यांचे मी काय करावे? आपले अनुभव कृपया लिहावेत. परप्रांतात किंवा परदेशात राहणाऱ्यांनी तिकडच्या रीती सांगितल्या, तर विचार करायला मला त्यांचीही मदत होईल.

संत्र्याची बाग

ताई, आपल्या वडिलांना माझा नमस्कार. मी काटोल तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे आहेरापेक्षा वानोळ्याचा व्यवहार मोठा आहे. आंबिया बहाराची संत्री उतरली, की पहिल्या तोडणीतली टोपलीभर फळे शेजारच्या घरांत जातात. मग पौषात कोणाकडून तुरीच्या शेंगा येतात, चैत्रात कोणाकडून नवा गहू येतो. किती संत्र्यांना किती शेंगा, हे आजवर कोणी विचारलेले नाही. मात्र वानोळा आलेली टोपली किंवा डबा आमच्या घरातून रिकामा परत जात नाही. काहीच नसेल, तर माझी आई त्यात मूठभर साखर किंवा चार मिरच्या ठेवते. ती परतफेड नसते. भांडे रिकामे पाठवले तर येणे-जाणे संपले असा अर्थ निघतो, आणि तो निघू नये एवढ्यासाठी ते असते.

आहेराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला फार खुपते. आमच्या भागातल्या लग्नांत मांडवातल्या माईकवरून आहेराची रक्कम नावासकट पुकारण्याची पद्धत होती, आणि काही गावांत ती अजून आहे. गारपिटीने बाग गेली त्या वर्षी माझ्या हाताशी फक्त ५१ रुपये होते, आणि त्याच मांडवात माझ्या आधी ५००१ रुपये पुकारले गेले होते. मी पाकीट खिशातच ठेवून जेवून परत आलो, आणि त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते. वही ठेवण्याला माझा विरोध नाही. ती घरात उघडावी, मांडवात उघडू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

ओसाकावासी

मी मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला असून नऊ वर्षांपासून जपानमध्ये आहे. इथे परतभेटीला ‘ओकाएशी’ म्हणतात, आणि तिचे माप बऱ्यापैकी ठरलेले आहे. कोणी बाळंतपणात भेट दिली, तर साधारण महिनाभराने तिच्या एकतृतीयांश ते निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवली जाते. अंत्यविधीला येणारे लोक ‘कोदेन’ नावाचे पाकीट आणतात. त्यावर नाव आणि रक्कम लिहिलेली असते, घरचे लोक तिची नोंद ठेवतात, आणि बौद्ध रीतीनुसार एकोणपन्नास दिवस झाल्यावर सुमारे निम्म्या किमतीची वस्तू परत करण्याचा प्रघात आहे. लग्नाच्या पाकिटात कोऱ्या करकरीत नोटा लागतात. दुखवट्याच्या पाकिटात मात्र कोऱ्या नोटा घालत नाहीत, कारण या प्रसंगाची तयारी आपण आधीपासून करून ठेवली होती, असे त्यातून दिसू शकते.

आमच्या मुलाच्या जन्मानंतर शेजारच्या आजींनी एक सुंदर दुपटे दिले. आपल्या संस्काराप्रमाणे माझी पत्नी दुसऱ्याच दिवशी घरी केलेल्या पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. आजींनी तो हसतमुखाने घेतला, पण त्यांचा चेहरा थोडा पडल्याचे तिला जाणवले. इतक्या तातडीने दिल्यामुळे आमच्या डोक्यावरचे ओझे आम्ही घाईने उतरवून टाकले, असे ते दिसले असावे, ही गोष्ट एका सहकाऱ्याने आम्हाला नंतर समजावून सांगितली.

आणखी एक साम्य मला लिहावेसे वाटते. इथे लग्नाच्या पाकिटात सहसा सम आकडा टाळतात, कारण सम आकड्याचे दोन सारखे भाग होतात, आणि जोडप्याचे तसे होऊ नयेत असे लोक मानतात. आपल्याकडेही ५० चे ५१ आणि ५०० चे ५०१ होतात. त्या जादा रुपयामुळे हिशेब पूर्ण मिटत नाही आणि काहीतरी शिल्लक राहते, असे माझी आजी सांगायची. इतक्या दूरच्या दोन समाजांना पाकीट भरताना भागाकाराचीच काळजी वाटावी, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

जुनी ग्रंथपाल

मृगबहार, आपल्या आईंनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न समाजशास्त्रात शंभर वर्षे विचारला जात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रियांड बेटांवर ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात राहिले, आणि तिथल्या ‘कुला’ या देवघेवीचे वर्णन त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. बेटांच्या एका मोठ्या वर्तुळात लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने फिरतात. माळ मिळाली की योग्य वेळी कडे द्यायचे, आणि मिळालेली वस्तू फार काळ घरात अडवून ठेवायची नाही. या वस्तूंचा रोजच्या वापरात काही उपयोग नसतो, तरी त्यांच्यासाठी लोक होड्यांतून समुद्र ओलांडतात, कारण त्या वस्तूमुळे पलीकडच्या बेटावर आपला एक हक्काचा माणूस तयार होतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात अशा अनेक समाजांची माहिती एकत्र करून तीन बंधने सांगितली : देण्याचे, घेण्याचे आणि परत देण्याचे. आपण पहिल्या आणि तिसऱ्या बंधनाविषयी पुष्कळ बोलतो, आणि मधल्याकडे आपले दुर्लक्ष होते. मला स्वतःला ते मधलेच सर्वांत कठीण वाटते. देणाऱ्याला मोठेपणा मिळतो आणि परत देणाऱ्याला मोकळेपणा मिळतो. घेणाऱ्याला मात्र काही काळ तरी मान खाली घालावी लागते, आणि ‘मला काही नको’ असे म्हणणारा माणूस तेवढेच करायला तयार नसतो. अल्जीरियातल्या कबाइल लोकांचा अभ्यास करणारे पिएर बूर्द्यू यांनी यात वेळेचा मुद्दा घातला. मिळालेल्या भेटीसारखीच भेट लगेच परत करणे म्हणजे ती नाकारणेच होय, असे त्यांनी दाखवून दिले. ओसाकावासी यांच्या पेढ्यांच्या डब्याचे नेमके तेच झाले असावे.

देण्याची चढाओढही असते, हे मान्य केले पाहिजे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासी समाजांत ‘पॉटलॅच’ नावाचे समारंभ होत. यजमान पाहुण्यांना ब्लँकेटे, तांब्याचे पत्रे आणि खाद्यपदार्थ मोठ्या प्रमाणात वाटे, आणि त्याची प्रतिष्ठा त्या वाटण्यावर ठरे. तिथल्या सरकारला आणि मिशनऱ्यांना ही उधळपट्टी वाटली, म्हणून १८८५ ते १९५१ या काळात त्यावर कायद्याने बंदी होती. १९२१ मध्ये अशाच एका समारंभानंतर लोकांना अटक झाली आणि त्यांचे मुखवटे व वस्तू जप्त करण्यात आल्या. एखाद्या समाजाचे देणे बंद पाडले म्हणजे त्याची नाती, हक्क आणि स्मृती यांचे पानच फाडल्यासारखे होते. बागवाल्या दादांनी सांगितलेला माईक बंद व्हायलाच हवा, पण माईक बंद करताना आहेरही बंद होऊ नये.

कावेरीची सून

मी नागपूरची मुलगी असून माझे सासर तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यात आहे. तंजावर आणि पुदुकोट्टै भागात आडी महिन्यात, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, ‘मोय विरुंदु’ नावाच्या पंगती होतात. ‘मोय’ म्हणजे आहेर आणि ‘विरुंदु’ म्हणजे मेजवानी. ज्याला पैशांची गरज आहे, असा माणूस पत्रिका छापून लोकांना जेवायला बोलावतो. लोक जेवतात आणि पाकीट देतात. नाव, गाव आणि रक्कम तिथल्या तिथे वहीत लिहिली जाते. पुढे त्यांच्या घरची पंगत आली, की यजमान ती रक्कम परत करतो आणि वर थोडी जास्त घालतो. त्या जादा रकमेमुळे समोरच्याच्या खात्यात पुन्हा देणे उभे राहते आणि ये-जा चालू राहते. त्यावर व्याज नसते आणि त्यासाठी तारणही लागत नाही. अलीकडे मोठ्या पंगतींत नोटा मोजण्याची यंत्रेसुद्धा ठेवलेली दिसतात. अनेकांनी या पैशांतून विहीर खोदली, मुलांचे शिक्षण केले किंवा दुकान काढले.

सुरुवातीला मला हे फार रुक्ष वाटले होते. जेवणाच्या पानाशेजारी रक्कम मांडणे माझ्या मनाला पटत नव्हते. मग सासरे आजारी पडले. तेव्हा सासूबाईंनी जुनी वही उघडली आणि कोणाकडून किती यायचे आहे हे शांतपणे वाचून दाखवले. त्या दिवशी कोणासमोर हात पसरण्याची वेळ आमच्यावर आली नाही. ताई, आपल्या वडिलांची वही मला याच कारणाने ओळखीची वाटली.

जुना कारकून

सर्वांचे म्हणणे वाचले. शासकीय सेवेत ३३ वर्षे काढल्यामुळे मला या विषयाची दुसरी बाजू माहीत आहे, आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांमध्ये कर्मचाऱ्याने भेटी घेण्यावर मर्यादा आहेत, कारण ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे त्याने दिवाळीला आणलेला सुकामेव्याचा डबा कधीच रिकामा परत जात नाही. त्याची परतफेड फाइलीतून होते, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी हक्कातून होते. म्हणून घेणे हा नेहमीच मोठेपणा असतो, असे मी म्हणणार नाही.

लग्नापुरते सांगायचे, तर हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ चा आहे, आणि लग्नात वधू-वरांना मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवण्याचे नियम १९८५ मध्ये आले. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते यादीत लिहून तिच्यावर वधू आणि वर या दोघांच्या सह्या असाव्यात, अशी त्यांत तरतूद आहे. फार थोडी कुटुंबे ही यादी करतात. आपल्याकडे वही ठेवण्याची सवय आहेच, तर मुलीच्या लग्नाची वही या पद्धतीने जरूर ठेवावी. मानपानाच्या नावाखाली व्याह्यांकडून जे मागितले जाते, त्याच्यासमोरचे कोरे पान भरून देणारे कधीच कोणी नसते. एकाच बाजूने वाहणाऱ्या देण्याला मी आहेर म्हणत नाही.

निळी पहाट

मी बौद्ध कुटुंबातील आहे. इथे अजून न आलेली एक गोष्ट लिहिते, आणि ती शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते.

माझ्या आजोबांच्या गावात सणासुदीला त्यांना मोठ्या घरांतून धान्य, जुने कपडे आणि उरलेले अन्न मिळत असे. आजोबांच्या हातचे मात्र त्या घरांतले कोणी पाणीसुद्धा घेत नसे. एकदा त्यांनी स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी नवे धोतर विकत घेतले आणि ज्या घरी ते वर्षानुवर्षे राबले होते तिथल्या मुलाच्या लग्नात ते आहेर म्हणून नेले. ते धोतर ओट्यावरून परत आले. मारहाण झाली नाही, शिवीगाळही झाली नाही, फक्त आहेर घेतला गेला नाही. आजोबांना आयुष्यभर बाकी कशाहीपेक्षा त्याच गोष्टीचे दुःख राहिले. ग्रंथपाल ताईंनी जे मधले बंधन सांगितले, ते आमच्या घराने असे अनुभवले आहे. ज्याच्याकडून घ्यायचे नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा दीक्षाभूमीवर होते. आता दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावहून येणाऱ्या लोकांना ठिकठिकाणी भोजनदान केले जाते, आणि आमचे कुटुंबही त्यात वाढायला उभे असते. तिथे कोण देतो आणि कोण घेतो, याची वही नसते. ज्याला वाढले त्याची पुन्हा भेट होण्याची शक्यता नसते. दान आणि आहेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दोन्ही हव्या आहेत. दानात परतफेडीची आशा नसावी, हे मला मान्य आहे. तरीही माझ्या आजोबांना दानापेक्षा आहेराचा मान अधिक हवा होता, कारण ज्याचा आहेर घेतला जातो त्याच्या घरी आपल्यालाही जावे लागते.

ताई, पत्रिकेवरची ती ओळ सधन पाहुण्यांना सौजन्याची वाटेल. ज्याने आपल्या वडिलांकडून काही घेतले आहे आणि आता कुठे परत देण्याइतका तो उभा राहिला आहे, त्याला ती कशी वाटेल, याचा विचार करावा.

तान्हा पोळा

छोटासाच प्रतिसाद देतो. आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि मोठी माणसे त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. ती मुले आपल्याला कधीच काही परत देत नाहीत, आणि आपण त्याची नोंदही ठेवत नाही. लहानपणी मला जो बोजारा मिळाला, तो मी आज दुसऱ्यांच्या मुलांना देतो. ज्यांनी मला दिला त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत. कोऱ्या उजव्या पानांपैकी काही नोंदी या मार्गानेही भरता येतील, असे मला वाटते.

मृगबहार (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. निळी पहाट, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या मुलीने तो स्वतः पुन्हा वाचला आणि पत्रिकेचा मजकूर तिनेच बदलला. आता आहेराविषयी एकही शब्द पत्रिकेवर नाही. माईक लावायचा नाही, हेही ठरले आहे. आहेराचे टेबल मंडपाच्या दाराशी न ठेवता आत एका खोलीत ठेवू, म्हणजे कोणी काय आणले किंवा आणले नाही, हे इतरांना दिसणार नाही. यादी कारकून काकांनी सांगितल्याप्रमाणे सह्यांसह होईल.

कोऱ्या उजव्या पानांतली एक नोंद मला सर्वांत जास्त छळत होती. १९८७ मध्ये माझ्या आजीच्या तेरवीला इतवारीतल्या एका विणकर कुटुंबाकडून दुपट्टा-टोपी, २१ रुपये आणि दोन पायल्या तांदूळ आल्याची ती नोंद आहे. तिच्यासमोर काहीच लिहिलेले नाही. आमच्या घरची रीत अशी, की सुखाचा आहेर सुखात आणि दुखवट्याचा दुखवट्यात परत करायचा. त्यामुळे वडील थांबून राहिले असणार, आणि त्या घरी प्रसंग आला तेव्हा तो आमच्यापर्यंत पोचला नसावा. कोणाच्या घरी मृत्यू होण्याची वाट पाहायची, ही कल्पनाच आईला सहन होईना. म्हणून तिने पहिली पत्रिका त्या घरी स्वतः नेऊन द्यायचे ठरवले, आणि गांधीबागेतून एक साडी आणली.

काल आम्ही दोघी गेलो. घर सापडायला वेळ लागला, कारण माग केव्हाच बंद झाले आहेत आणि आजूबाजूला दुकाने झाली आहेत. त्या घरातल्या आजी आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना तांदूळ आठवले नाहीत, दुपट्टाही आठवला नाही. वडील मात्र आठवले, आणि ते गेल्याचे ऐकून त्यांनी आईचा हात बराच वेळ धरून ठेवला. साडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मग सुनेला सांगून ताट मागवले आणि माझी ओटी भरली. त्यानंतर नारळ, तांदूळ आणि खण घेऊन त्या आईसमोर उभ्या राहिल्या. वडील गेल्यापासून आईची ओटी कोणी भरलेली नाही, आणि ती स्वतःही भरू देत नव्हती. तिने पदर मागे ओढला. आजी काही बोलल्या नाहीत, नारळ हातात धरून तशाच थांबल्या. अखेर आईने पदर पुढे केला.

घरी आल्यावर तिने चष्मा मागितला आणि तिसऱ्या वहीतले शिल्लक पान उघडले. उजवीकडे, १९८७ च्या नोंदीचा पान क्रमांक देऊन, तिने साडी लिहिली. मग डावीकडे नवी तारीख घालून ‘इतवारी, ओटी दोन, खण व नारळ, जमा’ असे लिहिले. तिच्यासमोरचे पान अर्थातच कोरे आहे, आणि त्या घरच्या नातीचे लग्न कार्तिकानंतर असल्याचे आईने निघतानाच विचारून ठेवले आहे.